ब्रॉडबँडचे सरकारी अनुदान आणि गावाची पोटचारी

या मासिकाच्या वाचकांस कालव्याची रचना समजावून सांगण्याचे कारण नाही. धरणापासून मुख्य कालवा, त्यापासून वितरिका, वितरिकेपासून चारी आणि चारीपासून पोटचारी, अशी पाण्याची वाट असते. धरणाची भिंत कितीही भक्कम असो, पोटचारी बुजलेली असेल तर टेलच्या शेतकऱ्याच्या पिकास पाणी पोहोचत नाही, हे आपण सर्व अनुभवाने जाणतो. सरकारी कागदोपत्री मात्र ते शेत लाभक्षेत्रातच मोडते. गेल्या काही वर्षांत सरकारने तालुक्याच्या गावांतून खेड्यांकडे ब्रॉडबँड नेण्यासाठी जो मोठा खर्च चालविला आहे, त्याची स्थिती पुष्कळ अंशी अशीच झाली आहे. हा पैसा कोठून येतो, तो कशावर खर्च होतो आणि आपल्या गावच्या उंबरठ्याशी येऊन तो का अडतो, हे शेतकऱ्याने समजून घेतले पाहिजे; कारण आता त्याच कामाचा दुसरा फेरा सुरू झालेला आहे, आणि पहिल्या फेऱ्यात जे राहून गेले ते या वेळीही राहून जाण्याचा संभव आहे.

कोणी म्हणेल की, शेतकऱ्यास याचे काय? खिशात मोबाईल आहे तेवढा पुरे. परंतु शेतीची सरकारी कामे एकामागून एक याच वाटेवर गेली आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा त्या वाटेने मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून छायाचित्रासह करावयाची, असे ठरले. पीएम-किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी आले, त्यामागून शेतकरी ओळख क्रमांक आला. १४ एप्रिल २०१६ रोजी आरंभ झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजारात महाराष्ट्रातील शंभराहून अधिक बाजार समित्या जोडल्या गेल्या आहेत. पूर्वी तलाठ्याच्या चावडीवर जाऊन जे होत असे ते आता तारेवाचून होत नाही. तार नसली म्हणजे ते काम टळते असे नव्हे; त्यासाठी तालुक्याच्या गावी जाऊन एखाद्या केंद्रापुढे रांगेत उभे राहावे लागते. ऐन पेरणीत एक दिवस असा घालविणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी एकच बैलजोडी किंवा भाड्याचा ट्रॅक्टर आहे त्यास विचारावे.

मोबाईलची गोष्ट अशी की, त्याचा मनोरा हाही शेवटी एखाद्या मोठ्या वाहिनीस जोडावा लागतो. मनोऱ्यापासून आपल्या हातातील यंत्रापर्यंतच लहरी हवेतून येतात. पुढचा प्रवास बहुतेक करून जमिनीखालील काचेच्या तंतूंच्या केबलीतून होतो. या केबलीस सर्वत्र फायबर म्हणतात, तेव्हा आपणही तोच शब्द ठेवू. जेथे मनोऱ्यापर्यंत फायबर नाही तेथे एका मनोऱ्यावर दहा गावांचा भार पडला की सर्वांचाच वेग मंदावतो. आणि पीक पाहणीची मुदत संपत आली म्हणजे तो भार नेमका पडतोच. ब्रॉडबँड या शब्दाची सरकारी व्याख्याही वाढत गेली आहे. २००४ च्या धोरणात सेकंदास २५६ किलोबिट वेग असला म्हणजे ब्रॉडबँड म्हणावयाचे. पुढे ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट. म्हणजे पूर्वीचा ब्रॉडबँड आज त्या नावासही पात्र नाही.

पैसा कोठून येतो

हा पैसा कोणाच्या कृपेचा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात असे ठरले की, ज्या भागांत व्यापारी दृष्टीने तार नेणे परवडत नाही तेथे ती नेण्यासाठी सर्व दूरसंचार कंपन्यांकडून एक पट्टी घ्यावी. त्याप्रमाणे १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी अस्तित्वात आला आणि २००३ साली भारतीय तार कायद्यात दुरुस्ती होऊन त्यास कायद्याचा आधार मिळाला. कंपन्यांच्या हिशेबी उत्पन्नावर शेकडा ५ या दराने ही पट्टी बसते. कंपनी ती आपल्या घरातून देत नाही, ग्राहकाच्या बिलातून देते. म्हणजे आपण मोबाईलमध्ये जे रिचार्ज भरतो त्यातील काही वाटा गेली वीस-बावीस वर्षे या निधीकडे जात आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' असे केले आणि २०२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध झाले.

एक दोष येथेच सांगून ठेवतो. पट्टी म्हणून गोळा झालेली रक्कम आणि निधीत प्रत्यक्ष जमा केलेली रक्कम यांत अंतर राहिले, यावर देशाच्या महालेखापरीक्षकांनी वेळोवेळी बोट ठेवले आहे. पाणीपट्टी वसूल करावी आणि ती कालव्याच्या दुरुस्तीस न लावता दुसरीकडे वळवावी, तशातलाच हा प्रकार. तथापि निधी अगदीच कोरडा नाही. आणि त्यातून निघालेले सर्वांत मोठे काम म्हणजे ज्यास आज भारतनेट म्हणतात ते.

भारतनेटची वाटचाल

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. देशातील सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायती फायबरने जोडावयाच्या, खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये, आणि मुदत दोन वर्षे, असा तो संकल्प होता. त्यासाठी फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली आणि केबल टाकण्याचे काम बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड या तीन सरकारी कंपन्यांत वाटून दिले गेले. राजस्थानातील अराईन, आंध्रातील परवाडा आणि त्रिपुरातील पानिसागर या तीन तालुक्यांत प्रथम प्रयोग करून पाहिला. दोन वर्षांत अडीच लक्ष गावे, हा हिशेब कोणी बांधला असेल त्याने नांगर तरी कधी धरला होता काय, असा प्रश्न मनात येतो. जमीन खणण्याचे काम पावसाळ्याचे चार महिने बंद पडते. खडकात ते निम्म्या वेगाने चालते. रस्ता, जंगल, रेल्वे प्रत्येकाची परवानगी निराळी. २०१५ साली योजनेचे नाव भारतनेट असे बदलले आणि पहिला लक्ष ग्रामपंचायतींचा टप्पा पुरा होण्यास डिसेंबर २०१७ उजाडले.

दुसऱ्या टप्प्यास जुलै २०१७ मध्ये मंजुरी मिळाली आणि दोन्ही टप्पे मिळून खर्चाचा आकडा ४२,०६८ कोटींवर गेला. या वेळी काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्र त्यांपैकी एक असून येथील योजना महानेट या नावाने राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळामार्फत चालली. बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायती तिच्या वाट्यास आल्या. जून २०२१ मध्ये सोळा राज्यांत खासगी भागीदारीने काम करावयाचे ठरले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. कंपन्यांस जी तूट येईल ती भरून देण्यासाठी १९,०४१ कोटी रुपये सरकारने देऊ केले, तरीही ती निविदा फळास आली नाही. व्यापाऱ्यास एवढे अनुदान देऊनही खेड्यातील तार परवडत नाही असे वाटले, यावरून पुष्कळ समजण्यासारखे आहे. पुढे २०२२ साली योजनेची मूळ कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचे ठरले. आणि ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्याचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. मी ज्यास दुसरा फेरा म्हटले तो हाच.

तार कशी चालते व कोठे तुटते

आता थोडे यंत्रशास्त्र पाहू, कारण दोष कोठे आहे ते त्यावाचून कळणार नाही. फायबरमधील काचेचा तंतू जाडीने माणसाच्या केसाएवढा असतो. त्यातून विजेऐवजी प्रकाशाचे ठोके धावतात. कालव्यात जसे पाणी झिरपते तसा या तंतूतही प्रकाश हळूहळू झिरपून जातो, परंतु अगदी थोडा: आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर तो निम्मा उरतो. तालुक्याच्या गावी टेलिफोन कचेरीत मुख्य यंत्र बसविलेले असते. तेथून निघालेला एक तंतू वाटेत प्रकाशविभाजकात शिरतो आणि एका तंतूचे अनेक फाटे होतात. आठ फाटे केले तर प्रत्येकास प्रकाशाचा आठवा हिस्सा मिळतो. चारीवरील विभाजक पेटीसारखीच ही रचना असून तिला चालविण्यासाठी वाटेत वीज लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तालुक्यापासून सुमारे वीस किलोमीटरपर्यंत अशी तार बिनतक्रार चालते. ग्रामपंचायतीच्या कचेरीत भिंतीवर एक लहान यंत्र असते, ते प्रकाशाचे पुन्हा विद्युत्संकेत करते. त्यास मात्र वीज लागते. म्हणून सोबत बॅटरी, आणि पुष्कळ ठिकाणी सौर पट्टीही दिलेली असते.

खर्च वाचावा म्हणून पहिल्या योजनेत तालुक्यापासून काही अंतरापर्यंत बीएसएनएलची जुनी केबलच वापरली, आणि जेथे ती संपते तेथून पुढे गावापर्यंत तेवढी नवी टाकली. कागदावर ही काटकसर उत्तम दिसते. परंतु जुनी केबल पुष्कळ ठिकाणी आधीच जोडांनी भरलेली. तिच्यावर नव्याचा भार. शिवाय वाट एकेरी. झाडाच्या फांदीप्रमाणे एकाच खोडावर सर्व गावे टांगलेली, तेव्हा खोडाजवळ घाव बसला की पुढची सर्व गावे एकदम अंधारात. केबल साडेपाच फूट खोल घालावी असा दंडक आहे. जेथे तो पाळला नाही तेथे रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीच्या पहिल्या फावड्यातच ती वर येते. येथे आपणही स्वतःकडे बोट केले पाहिजे. विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन नेताना रस्त्याच्या कडेने चर खणून केबल तोडणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि तुटलेला तुकडा मातीखाली ढकलून मोकळे होणारेही. मार्च २०२३ पासून खणण्यापूर्वी सूचना देण्याची एक सोय सरकारने मोबाईलवर केली आहे. तिच्यात जागा कळविली म्हणजे खाली कोणाची वाहिनी आहे ते समजते. तिचा उपयोग फारसा कोणी करीत नाही.

तुटलेली काच जोडणे हे काही अवघड शास्त्र राहिलेले नाही. तालुक्यात बसून तंतूत प्रकाशाचा ठोका सोडला म्हणजे तुटलेल्या जागेवरून तो परत फिरतो, आणि त्यास लागलेल्या वेळावरून अमुक मीटरवर तार तुटली आहे हे यंत्र सांगते. त्या जागी खणून, दोन्ही टोके घासूनपुसून, विजेच्या ठिणगीने वितळवून सांधता येतात. कुशल कारागिरास एका दिवसाचे हे काम. मग आठवडेच्या आठवडे तार बंद का राहते? कारण तो कारागीर कोणी पाठवावयाचा, त्यास मजुरी कोणत्या खात्यातून द्यावयाची आणि न पाठविल्यास जाब कोणी द्यावयाचा, हे गावात कोणासच ठाऊक नसते. अनुदान तार टाकण्यास होते, राखण्यास नव्हते. निदान गावाच्या टोकाशी त्याचा मागमूस नव्हता. जलसिंचनाच्या इतिहासात ज्या चुकीने आपण होरपळलो तीच येथे पुन्हा झाली.

माझ्या परिचयाच्या एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव देत नाही, कारण तशी गावे प्रत्येक तालुक्यात आहेत. पंचायतीच्या कचेरीत यंत्राची पेटी बसविली, छायाचित्र निघाले आणि गाव 'सेवेस सिद्ध' म्हणून यादीत गेले. पेटीची किल्ली ग्रामसेवकाजवळ. त्याच्याकडे आणखी एका गावचा कारभार, म्हणून कचेरी आठवड्यातून तीन दिवस उघडी. पहिल्या उन्हाळ्यात बॅटरी दुसऱ्या कामास लागली. दुसऱ्या पावसाळ्यात केबल तुटली, परंतु यंत्रच बंद असल्याने ती तुटली हे कोणास कळलेही नाही. दोन वर्षे गाव यादीत सिद्ध होते आणि गावचे लोक चौदा किलोमीटरवर जाऊन ई-केवायसी करीत होते. 'सिद्ध' आणि 'चालू' या दोन शब्दांतील अंतर चौदा किलोमीटरांचे होते.

दुसऱ्या फेऱ्यात काय बदलले

सुधारित कार्यक्रमाची रचना पाहिली तर पहिल्या चुकांची जाणीव तीत दिसते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. एकेरी वाटेऐवजी सुमारे २.६४ लक्ष ग्रामपंचायती कड्याच्या आकारात जोडावयाच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी प्रकाश दुसऱ्या बाजूने येईल. ग्रामपंचायतीचे ठिकाण नसलेली जी सुमारे ३.८ लक्ष खेडी आहेत त्यांस मागणीप्रमाणे जोड मिळावयाची आहे. 'मागणीप्रमाणे' हा शब्द वाड्यावस्त्यांवरील शेतकऱ्यांनी नीट वाचावा, कारण जो मागणार नाही त्यास मिळणार नाही. जो कंत्राटदार बांधील त्यानेच पुढे दहा वर्षे देखभाल करावयाची, अशी अट घातली आहे. आणि गावातच एखाद्या होतकरू माणसास 'उद्यमी' म्हणून नेमून घरोघर जोड देण्याचे काम व मासिक उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा त्यास द्यावा, ही पूर्वी सुरू झालेली पद्धत वाढविली आहे. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण जोड देण्याचा संकल्प आहे.

या शेवटच्या तरतुदीत मला खरा अर्थ दिसतो. पाण्याच्या बाबतीत तोच अनुभव आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याची व पाटाची राखण लाभधारकांनीच शतकानुशतके केली. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी वाटपाचा कारभार हाती घेतल्यावर टेलपर्यंत पाणी जाऊ लागले. ज्याचे पीक वाळणार आहे त्याच्याच हाती खोरे असले म्हणजे पोटचारी बुजत नाही. दूरदेशीचे उदाहरण हवे असल्यास अमेरिकेचे आहे. तेथे १९३५ साली खेड्यांत वीज नेण्यासाठी सरकारी खाते निघाले, तेव्हा दहा शेतांपैकी जेमतेम एकास वीज होती. खासगी कंपन्यांस ते काम परवडेना. मग सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस अल्प व्याजाचे कर्ज दिले; खांब त्यांनी उभे केले, बिले त्यांनी वसूल केली, आणि सुमारे पंधरा-वीस वर्षांत बहुतेक सर्व शेतांवर दिवे लागले. १९४९ पासून त्याच खात्याने टेलिफोनसाठीही कर्ज देण्यास आरंभ केला. त्यांतील कित्येक संस्था आज आपल्याच खांबांवरून फायबर नेत आहेत.

तथापि सहकार म्हटला की सर्व सुरळीत होते, असे मी म्हणणार नाही. आपल्याच राज्यात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चार दशके खेड्यांस वीज पुरवीत होती. थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ साली तिच्या हातून वितरण गेले. वर्गणी वेळेवर न देणाऱ्या सभासदांची संस्था ही कोणत्याही सरकारी खात्याहून अधिक टिकत नाही. म्हणून गावाने तारेचा कारभार घ्यावयाचा असेल तर आधी बिलाचा विचार करावा. पंचायतीच्या कचेरीतील एका जोडावर कोणी उद्यमी जगणार नाही. दूध संकलन केंद्र, विविध कार्यकारी सोसायटी, शाळा, दवाखाना, कृषी सेवा केंद्र आणि वीस-पंचवीस घरे मिळाली तरच त्यास तुटलेल्या केबलीमागे धावण्यात अर्थ वाटेल.

येत्या ग्रामसभेत पुढील गोष्टी विचारून कार्यवृत्तात लिहून घ्याव्यात, असे मी सुचवितो. आपले गाव कोणत्या कड्यात आहे, आणि कड्याची दोन्ही टोके प्रत्यक्ष दोन निराळ्या रस्त्यांनी येतात की एकाच चरातून? एकाच चरातून दोन केबली आल्या तर कडे केवळ नकाशावर राहील. देखभालीचा कंत्राटदार कोण, त्याचा तालुक्यातील माणूस कोण, आणि तक्रार दिल्यावर किती तासांत दुरुस्ती व्हावयाची? किल्ली कोणाजवळ? यंत्राची वीज कोणत्या मीटरवर, आणि ते बिल कोण भरतो? पुढे केबल तुटली तर तारीख, वेळ, जागा, कळविल्याची वेळ व जोडल्याची वेळ एका वहीत टिपून ठेवावी. मोघम ओरडीस अधिकारी भीत नाहीत, नोंदवहीस भितात.

वर सांगितलेल्या गावी अखेर असे झाले की, दूध सोसायटीच्या सेक्रेटरीने पुढाकार घेऊन यंत्र पंचायतीतून संकलन केंद्रात हलविण्याचा ठराव करवून घेतला, कारण ते केंद्र पहाटे पाच वाजता उघडते आणि दूध थंड ठेवण्यासाठी तेथे जनित्र आहेच. बॅटरी सोसायटीने घेतली. एकतीस घरांनी जोड घेतला. त्यांपैकी चार घरांची वर्गणी नेहमी मागे असते. गेल्या पावसाळ्यात ओढ्यावरच्या मोरीजवळ केबल पुन्हा तुटली. वहीत तिची नोंद आहे: मंगळवारी सकाळी कळविले, पुढच्या सोमवारी जोडली. सहा दिवस. सेक्रेटरींनी त्या पानाची प्रत तालुक्यास पाठविली असून मोरीखालची केबल लोखंडी नळीतून घ्यावी, अशी मागणी केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.